तोवर पत्र कुठं असतं?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. मध्ये गणपती, मग नवरात्र, मग दिवाळी... कारणं काय, हवी तेवढी मिळतात. पण हा विषय गणपतीपासून डोक्यात घोळतोय आणि आता लिहिला नाही तर राहूनच जाईल.

तर झालं असं. गेल्या गणपतीत आम्ही सगळे सोलापूरला आईकडे जमलो होतो. दादाचं यायचं ठरलं नव्हतं, पण ऐनवेळी तिकीट मिळालं म्हणून न्यू जर्सीहून निघाला आणि शुक्रवारी रात्री बॅगा घेऊन दारात उभा! रविवारी, म्हणजे गौरी यायच्या दिवशी, सकाळी सात वाजता आम्ही तिघं स्वयंपाकघरात चहा पीत होतो. दादा आईच्या अगदी समोर, पाटावर. आणि आईचा टॅबलेट टिंग करून वाजला.

इथं थोडं मागचं सांगायला हवं. बाबा २०११ साली गेले. त्यानंतर काही दिवसांनी दादानं आईला दर रविवारी मेल लिहायला सुरुवात केली. फोन होतातच, पण आईला लिहिलेलं आवडतं, पुन्हा पुन्हा वाचता येतं म्हणून. गेली काही वर्षं ही मेल सकाळी सातला येते. सातच्या ठोक्याला! थंडीत आठला येते, कारण तिकडे नोव्हेंबरात घड्याळं एक तास मागं करतात. हे गणित आईला माझ्याआधी उमगलं होतं. चहाचा कप बाजूला, चष्मा नाकावर, आणि आई ती मेल मोठ्यांदा वाचते. घरात कुणी नसलं तरी मोठ्यांदाच वाचते, असं शेजारच्या काकू सांगतात.

तर त्या दिवशीही तिनं सवयीनं टॅबलेट उचलला आणि वाचायला सुरुवात केली. "ती. आईस, सा. न. आत्ताच जेवण आटोपून तुला लिहायला बसलो आहे. इथं आज दिवसभर पाऊस आहे..."

ती थांबली. चष्म्याच्या वरून तिनं समोर बसलेल्या दादाकडे बघितलं.

"आत्ताच जेवलास होय रे? मग पोहे नको ना देऊ?"

आम्ही सगळे हसलो. दादाही हसला, पण कानापर्यंत लाल झाला होता. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शनिवारी रात्री त्याला कधी काम असतं, कधी मुलांचं काही असतं. एकदा मेल जायला उशीर झाला तर आईनं काळजीनं त्याला भर मध्यरात्री उठवलं होतं. तेव्हापासून तो महिन्यातून एखाद्या रात्री बसतो, चार मेल लिहितो आणि एकेका शनिवारच्या रात्री साडेनऊला लावून ठेवतो. आपल्याकडे रविवारची सकाळ. ही चौथी रद्द करायची राहून गेली, एवढंच.

खरं सांगायचं तर आईपेक्षा मलाच जास्त लागलं. किती रविवार झाले असतील! किती "आत्ताच" आणि किती "आज इथं ऊन पडलंय"! मी काहीतरी कडवट बोललेही. (दादा, तू हे वाचतोयस. तेव्हा माफी मागितली होती, पुन्हा मागते.) आई मात्र काहीच बोलली नाही. गौरींच्या तयारीला लागली. दुपारी पुरणाची डाळ निवडता निवडता तिनं एकच प्रश्न विचारला.

"मला एक सांग, ह्यानं मंगळवारी लिहिलं आणि मला रविवारी मिळालं. तोवर ते पत्र कुठं असतं?"

हा प्रश्न फक्त माझी आईच विचारू शकते. बाबा आरएमएसमध्ये होते, रेल्वे मेल सर्व्हिस. रात्रीच्या गाडीच्या टपालाच्या डब्यात उभं राहून पत्रं खणाखणांत टाकायची, थैले बांधायचे, लाखेचं सील करायचं आणि पहाटे कुठल्यातरी स्टेशनावर उतरवायचे. टाकलेलं पत्र कुठल्या वेळी कुणाच्या हातात असतं, हे आमच्या घरात पाढ्यांसारखं पाठ होतं. पेटीत, मग थैल्यात, मग खणात, मग गाडीत, मग पोस्टमनच्या पिशवीत. मध्ये कुठंही "हवेत" म्हणून जागा नव्हती.

मी तिला "सर्व्हरवर असतं" असं सांगून टाकलं. पण तेवढ्यावर तिचं काय, माझंही समाधान झालं नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये वीसेक वर्षं काढली आहेत, आणि तरी ह्या "उशिरा पाठवा" प्रकाराकडे कधी धड बघितलं नव्हतं. पुण्याला परतल्यावर शोधत बसले. जे हाती लागलं ते मजेशीर आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ई-मेल ही लगेच पोहोचणारी वस्तू, हा समजच नवा आहे. (सुरुवातीच्या काळात आम्ही काही मराठी ब्लॉगवाले तिला "विरोप" म्हणायचो, आठवतं का? विद्युत निरोप. शब्द काही रुजला नाही. मला मात्र आवडायचा, कारण आपल्याकडे सांगावाही निरोपच आणि निघतानाचा रामरामही निरोपच.) १९७१ साली रे टॉमलिन्सननं अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये जाळ्यावरून पहिला निरोप धाडला, तो एका संगणकावरून शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या संगणकाकडे. तो लगेच पोहोचला असणार. पण अर्पानेटवर जागा मिळणं ही मोजक्या संस्थांची चैन होती. बाकीच्यांनी दुसरा मार्ग धरला.

बेल लॅब्जमधून १९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात दोन गोष्टी होत्या. एक "ॲट" नावाची आज्ञा. अमुक वाजता, हवं तर अमुक वारी, हे काम कर असं संगणकाला सांगून ठेवायचं आणि आपण घरी जायचं. ह्या कामांत मेल पाठवणंही आलंच. म्हणजे दादानं जे केलं ते ज्याला युनिक्स येत होतं त्याला तेव्हाच करता येत होतं. दुसरी "यूयूसीपी", माइक लेस्क ह्यांनी लिहिलेली. हिच्यात एक संगणक साध्या टेलिफोनवरून दुसऱ्याला फोन लावायचा, साठलेली पत्रं देऊन-घेऊन फोन ठेवायचा. दुसरा तिसऱ्याला. तिसरा चौथ्याला. टप्प्याटप्प्यानं. बाबांना हे सांगायला मिळालं असतं तर म्हणाले असते, अगं ही तर आरएमएस झाली!

आणि ह्या फोनांची वेळ कुठली? रात्रीची. कुणाला कधी फोन लावायचा हे एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं असे, आणि तिच्या माहितीपत्रकात उदाहरण म्हणून एक वेळ दिलेली दिसते, कामाच्या दिवशी रात्री २३:०५ पासून सकाळी ७:५५ पर्यंत. मी ते वाचून हसत सुटले. अमेरिकेत रात्री अकरानंतर लांबच्या फोनचे दर उतरायचे. वरची पाच मिनिटं बहुधा घड्याळ थोडं पुढं-मागं असलं तर म्हणून.

अकरा! आमच्या पिढीतल्या कुणाला अकरा आठवत नाहीत? एसटीडीचा पाव दर रात्री अकरानंतर लागायचा. नागपूरच्या काकांना फोन करायचा म्हणजे बाबा आम्हाला पावणेअकरालाच बूथवर घेऊन जायचे. बूथच्या बाहेर बाकावर शेजारपाजारचे सगळे, कुणी स्वेटर घालून, कुणी पेंगुळलेलं पोर खांद्यावर घेऊन. आणि लाल आकड्यांचं ते मीटर! काय बोलायचं ते आई दुपारीच कागदावर लिहून ठेवायची. दुपारी लिहिलेलं रात्री अकरा वाजता जायचं. आता बोला.

आपल्याकडे १९८६ साली अर्नेट प्रकल्प सुरू झाला. जुहूची एनसीएसटी, आयआयटी, बंगळूरची आयआयएस्सी अशा संस्था होत्या त्यात. त्यांचीही सुरुवात टेलिफोन आणि यूयूसीपीवरच झाली. त्याच सुमारास हौशी लोकांचं फिडोनेट होतं, टॉम जेनिंग्जनं १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेलं. त्यात तर रात्रीचा एक तास फक्त टपालासाठी राखून ठेवलेला असे, तेवढ्या वेळात माणसांनी मध्ये यायचं नाही. सांगायचं म्हणजे, तेव्हाची बहुतेक मेल उशिराच जायची. उशीर ही सोय नव्हती, नाइलाज होता.

सोय म्हणून उशीर कुणाला सुचला असेल? इथं मला फार आनंद झाला. पोस्टवाल्यांना! १९८४ साली जिनिव्हाच्या सीसीआयटीटीनं, म्हणजे देशोदेशीच्या तार-टेलिफोन खात्यांच्या संघटनेनं, ई-मेलचा आपला एक नियमसंच काढला. एक्स.४०० त्याचं नाव. त्यात "डिफर्ड डिलिव्हरी" अशी सेवाच नमूद केली होती. पत्र आज द्या, अमुक तारखेच्या आधी पोहोचवू नका असं सांगा, तोवर आम्ही सांभाळतो. आणि पुढं वेगळी सेवा, असं सांभाळायला दिलेलं पत्र रद्द करण्याची. (दादा, ही दुसरी सेवा तुझ्यासाठी होती.) खात्यात काम केलेली माणसंच असा विचार करणार. पत्र मध्ये कुठं असतं, ह्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं: आमच्याकडे.

पण एक्स.४०० जड निघालं. पत्ता लिहायचा म्हणजे देश, प्रशासन, संस्था, नाव अशी अर्धी वंशावळ. जिंकली ती जॉन पोस्टेल ह्यांनी १९८२ साली लिहून काढलेली एसएमटीपी. सुटसुटीत. पत्र घ्या, पुढं द्या. "रविवारी द्या" असं सांगायची तिच्यात जागाच नाही. पुढं मे २००७ मध्ये तिला ती जोड देणारा एक कागद निघाला, आरएफसी ४८६५. (इंटरनेटचे नियम ज्या कागदांत लिहिलेले असतात त्यांना आरएफसी म्हणतात.) "इतके सेकंद धरून ठेव" किंवा "अमुक वेळेपर्यंत धरून ठेव" असं पत्र टाकतानाच सर्व्हरला सांगता यावं, एवढीच मागणी. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. म्हणून मग प्रत्येकानं आपापली जुगाडं केली.

आमच्या पिढीचं जुगाड युडोरा. स्टीव्ह डॉर्नर ह्यांनी १९८८ साली इलिनॉय विद्यापीठात लिहिलेला प्रोग्राम. नाव कुठून आलं माहिती आहे? युडोरा वेल्टी ह्या अमेरिकन लेखिकेची १९४१ सालची एक कथा आहे, घरच्यांशी भांडून पोस्टातच राहायला गेलेल्या मुलीची. दिवसभर मेल हाताळून डॉर्नरना आपणही पोस्टातच राहतो असं वाटायला लागलं होतं म्हणे. युडोरात लिहिलेलं पत्र रांगेत ठेवता यायचं, आणि "अमुक दिवशी किंवा त्यानंतर पाठव" असंही सांगता यायचं. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलचं इंटरनेट सुरू झालं ते मोजून मिळणाऱ्या तासांचं. वर टेलिफोनचं बिल वेगळं. त्यामुळे फोन न लावता आधी पत्रं लिहून रांगेत लावायची, मग मोडेमची ती खरखर, किणकिण... आणि सगळी एकदम सोडून तार तोडायची. सायबर कॅफेत तर मी वहीत लिहून न्यायची आणि पंधरा मिनिटांत टाइप करायची. माझ्या त्या मेल वाचून दादाला कधी वाटलं नसेल की ही आदल्या रात्री कंदिलाजवळ लिहिलेली आहेत. (कंदील म्हणजे लोडशेडिंग. नव्या वाचकांसाठी.)

ऑफिसात आउटलुक आलं. त्यातही "ह्या वेळेआधी देऊ नका" अशी सोय होती, पण गोम अशी की कंपनीचा स्वतःचा एक्स्चेंज सर्व्हर नसेल तर पत्र आपल्याच संगणकात पडून राहणार, आणि त्या वेळी आउटलुक उघडं नसेल तर जाणारच नाही. एका जुन्या नोकरीत मी दुपारच्या बैठकीची आठवण सकाळी लावून ठेवली, मशीन बंद करून दुसऱ्या इमारतीत गेले आणि ती आठवण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना पोहोचली. "आज दुपारी ३ वाजता न विसरता." तिथला एकजण अजून मला भेटला की पहिलं वाक्य हेच म्हणतो.

नंतरचं झटपट सांगते. २००२ साली मॅट स्लाय आणि जे पॅट्रिकियोस ह्या दोघांनी फ्यूचरमी सुरू केलं, आपणच आपल्याला काही वर्षांनंतरचं पत्र लिहायचं. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं. तारखेमुळे आणि फुकट एक गिगाबाइट जागेमुळे लोकांना ती थट्टा वाटली होती. त्यात "उशिरा पाठवा" नव्हतं. ती उणीव बाहेरच्यांनी भरून काढली, २०१० साली आलेल्या बूमरँगनं वगैरे. खुद्द जीमेलमध्ये ही सोय आली ती पंधराव्या वाढदिवशी, १ एप्रिल २०१९ ला. ॲपलच्या मेलमध्ये तर २०२२ साली.

१९७९ साली जमणारी गोष्ट लोकांच्या हातात पडायला चाळीस वर्षं लागली! मला वाटतं, मधल्या काळात कुणाला ती हवीच नव्हती. नव्वदच्या दशकात सगळी मौज "लगेच" ह्या शब्दाची होती. मग फोन खिशात आला, मेल रात्री-अपरात्री वाजायला लागली, आणि उशीर पुन्हा हवासा वाटू लागला. फ्रान्सनं १ जानेवारी २०१७ पासून कायदाच केला, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर कामाच्या वेळेबाहेर संपर्कात नसण्याच्या हक्काबद्दल कंपनीनं बोलणी करायची. दोन वर्षांनी जीमेलनं सोय दिली. तेव्हापासून रात्री दीडला लिहिणारा साहेब सकाळी नऊला लिहिल्यासारखा दिसतो. त्याची झोप उडालेली कुणालाच कळत नाही. हे चांगलं की वाईट, माझं अजून ठरत नाही.

उशिरा उघडायच्या पत्रांत आपल्या देशात सगळ्यात गाजलं ते मौलाना आझादांचं. "इंडिया विन्स फ्रीडम" हे त्यांचं आत्मकथन. ते उर्दूत सांगायचे आणि हुमायून कबीर इंग्रजीत लिहून काढायचे. फेब्रुवारी १९५८ मध्ये मौलाना गेले, १९५९ साली पुस्तक आलं, पण तीसेक पानं वगळून. ती मोहोरबंद करून कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवली. तीस वर्षांनी उघडा म्हणून. कबीर १९६९ सालीच गेले. पानं थांबली. १९८८ साली, कोर्टकचेरी होऊन, ती बाहेर आली. बाबांनी तेव्हा ती बातमी आम्हाला वाचून दाखवली होती ते मला आठवतं. "एवढी वर्षं सांभाळली बघ," एवढंच म्हणाले. आत काय होतं ह्यापेक्षा त्यांना सांभाळण्याचं कौतुक.

आणि उलटही आहे. १५ ऑगस्ट १९७३ ला इंदिरा गांधींनी लाल किल्ल्यात एक कालपात्र पुरलं. हजार वर्षांनी उघडायचं होतं. १९७७ साली जनता सरकारनं ते उकरून काढलं. हजारातली पाचसुद्धा धड भरली नाहीत!

ह्या दोन्हींत एक गोष्ट आहे जी दादाच्या मेलमध्ये नव्हती, आणि ती मला आईच्या पत्र्याच्या डब्यानं दाखवली.

दिवाळीला पुन्हा सोलापूरला गेले तेव्हा आईनं बिस्किटांचा तो जुना डबा काढला. दादा १९९६ साली अमेरिकेला गेला. पहिली दोन-तीन वर्षं त्याची एरोग्रामं यायची, निळ्या पातळ कागदाची, घडी उलगडताना ब्लेडनं कापायची. बाबांचं हिशेबी काम. पत्राला यायला बारा ते पंधरा दिवस, म्हणजे राखी तीन आठवडे आधी टाकायची, वाढदिवसाचं पत्र पंधरा दिवस आधी. फारच घाई असली तर स्टेशनावर जाऊन जादा "लेट फी"चं तिकीट लावून थेट गाडीच्या टपालडब्यातल्या पेटीत टाकायचं. माझी एक राखी दहा दिवस आधीच पोहोचली. ती त्यानं पौर्णिमेपर्यंत फ्रिजला चिकटवून ठेवली होती.

आईनं एक एरोग्राम माझ्या हातात दिलं. बाबांच्या वाढदिवसाचं. उजव्या कोपऱ्यात दादाचं बारीक अक्षर: ३ फेब्रुवारी १९९७, रात्र. "हे पत्र तुम्हाला मिळेल तेव्हा वाढदिवस असेल किंवा नुकताच होऊन गेला असेल. आईनं शिरा केला असेल. इथं आत्ता बर्फ पडतंय." पाठीवर सोलापूरचा शिक्का, १७ फेब्रुवारी.

मी ते दोनदा वाचलं. आत्ता. तोच शब्द! चौदा दिवस जुनं "आत्ता", आणि ते वाचून बाबांना कधी फसल्यासारखं वाटलं नाही. कसं वाटेल? वर तारीख होती. मागं शिक्का होता. उशीर कागदावरच लिहिलेला होता, जाताना एक, येताना एक. लिहिणाऱ्याचा काळ वेगळा, वाचणाऱ्याचा वेगळा, आणि मधलं अंतर दोघांनाही दिसत होतं. म्हणून तर ती वाक्यं अशी, "झालं असेल, केलं असेल, पोहोचला असाल." आमच्या आईला आजही फोनवर बोलताना ही वाक्यं सुचतात.

आणि गंमत बघा, ई-मेलच्या नियमातही हे आहे. मीच विसरले होते. मेलवर जी तारीख असते तिच्याबद्दल आरएफसी २८२२ मध्ये, २००१ साली, आणि पुढं २००८ च्या ५३२२ मध्येही स्पष्ट लिहिलं आहे की ही तारीख पत्र प्रत्यक्ष रवाना झाल्याची नाही, तर लिहिणाऱ्यानं ते पुरं करून "आता जाऊ दे" म्हटल्याची. जोडणी नसताना लॅपटॉपवर लिहून रांगेत ठेवलं तर रांगेत ठेवल्याची वेळ. हे कागद संपादित करणारे पीट रेझनिक तेव्हा क्वालकॉममध्ये होते, जिथं त्या वेळी युडोरा तयार होत होतं. रांगेतल्या पत्रांची कदर असलेलं घर. पण लावून ठेवलेल्या मेलवर आज जी वेळ आपल्याला दिसते ती सुटल्याची. लिहिल्याची कुठंच नाही. शिक्का आहे, तारीख नाही. मला गौरींच्या दिवशी जे लागलं ते दादानं आधी लिहून ठेवल्याबद्दल नव्हतं, हे मला डब्याजवळ बसल्यावर कळलं. चार मेल एका रात्रीत लिहायला तो तास-दोन तास आईचाच विचार करत बसला असणार. मंगळवारची रात्र मंगळवारची म्हणून आली असती तर मी चकार शब्द काढला नसता.

हे सगळं मी आईला सांगितलं. आरएफसी वगैरे सकट. ती म्हणाली, "मग त्याला तारीख घालायला सांग की. एवढं इंग्रजी कशाला वाचलंस?"

दादाला निरोप गेला. आता मेल रविवारीच येते, वेळेवर येते, आणि वरच्या कोपऱ्यात कधी "बुधवार, जेवणाच्या सुट्टीत" असतं, कधी "मंगळवार, रात्री फार उशिरा". आई ती ओळही मोठ्यांदा वाचते. एकदा वर "आत्ताच, शनिवार, खरंच" असं होतं.

परवा तिनं मला विचारलं, हे लावून ठेवायचं कसं ते मला दाखव. दाखवलं. मग मला बाहेर जायला सांगितलं. अर्धा-पाऊण तास एका बोटानं टाइप करत होती. नंतर हाक मारून तारीख तेवढी माझ्याकडून लावून घेतली, मजकूर वाचू दिला नाही, पण वरच्या कोपऱ्यात तिनं त्या दिवसाची तारीख घातलेली मला दिसली. दादासाठी आहे. (नाही, कधी येणार ते सांगणार नाही. फोन करू नकोस.) आता तिच्या टॅबलेटवर "शेड्यूल्ड" नावाच्या कप्प्यापुढं १ असा आकडा दिसतो.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. फोनवर इकडचं-तिकडचं बोलून झालं की ठेवता ठेवता विचारते, "आहे ना गं ते तिथंच?"

मी म्हणते, आहे.